रिमोटमधलं प्रिंटिंग काढताय, तर आधी हे वाचा : नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे संचालक आणि तांत्रिक विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुढच्या आवृत्तीत रिमोट प्रिंटिंगची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचा कागद जवळच्या प्रिंटरवर छापण्याची, सोय नसेल आणि सध्याच्या आवृत्तीतलीही काही आठवड्यांत बंद होईल, अशी सूचना तुम्ही ग्राहकांच्या खात्यात टाकली आहे. सूचना इंग्रजीत आहे आणि जेमतेम चार ओळींची आहे. मी ज्यांच्याकडे तुमचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, त्यांच्यापैकी कोणीही ती वाचलेली नाही. ते खातं त्यांच्यापैकी कोणी उघडतच नाही. दरवर्षी परवान्याचे पैसे भरून नूतनीकरण करायचं काम माझ्यासारख्या माणसाकडे असतं. म्हणून त्यांच्या वतीने मी लिहितो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. आज तुम्ही आहात, उद्या तुमच्या शेजारची कंपनी हेच करेल, आणि मला म्हणायचं आहे ते या व्यवसायातल्या सगळ्यांनाच लागू पडतं.

मी नागपुरात हार्डवेअर आणि नेटवर्किंगचं काम करतो. वाडी आणि भंडारा रोडवरचे ट्रान्सपोर्टवाले, कळमन्याचे अडते, इतवारीतले ठोक व्यापारी, काही डाळ मिलवाले हे माझे ग्राहक. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि गुजरातेतून ओडिशाकडे जाणारा ५३, हे दोन्ही नागपुरात एकमेकांना भेटतात. त्यामुळे देशाच्या चारही बाजूंचा माल इथे उतरतो, फुटतो आणि पुन्हा चढतो. हा माल कागदाशिवाय हलत नाही. २००७ च्या रस्तेमार्गे मालवाहतूक कायद्यात वाहतूकदाराने मालाची पावती द्यायची आहे. आमच्याकडे तिला बिल्टी म्हणतात. जीएसटीच्या नियम ४८ प्रमाणे, ई-इनव्हॉइस नसेल तर, मालाच्या बीजकाच्या तीन प्रती लागतात : मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीची ऑनलाइन नोंद, मोबाइलवर दिसलं तरी ड्रायव्हरच्या हातात बिल्टी असल्याशिवाय कोणताही अनुभवी मालक गाडी काढत नाही.

आता हा कागद निघतो कसा, ते बघा. बिलिंगचा प्रोग्राम आणि सगळा डेटा नागपूरच्या मुख्य ऑफिसातल्या एका सर्व्हरवर असतो. गोंदियाच्या, चंद्रपूरच्या किंवा अमरावतीच्या शाखेत एक जुना संगणक, मोबाइलच्या सिमवर चालणारा राऊटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, म्हणजे रिबनवर सुया आपटून छापणारा. तिथला मुलगा सकाळी तुमचं सॉफ्टवेअर उघडतो, नागपूरच्या सर्व्हरवर येतो, बिल्टी भरतो आणि प्रिंट देतो. प्रोग्राम चालतो नागपुरात, कागद निघतो गोंदियात. एवढीच ती सोय. तुमच्यासाठी ती मेनूतली एक ओळ आहे. त्या शाखेसाठी तुमच्या सॉफ्टवेअरचा अर्थच तो आहे. स्क्रीन दाखवणारी, माउस हलवू देणारी सॉफ्टवेअरं फुकटातही मिळतात. आम्ही तुम्हाला पैसे भरले ते दूरचा कागद जवळच्या प्रिंटरवर निघतो म्हणून.

डॉट मॅट्रिक्स अजून वापरतात का, असं तुमच्यापैकी कोणाला वाटेल. वापरतात, आणि त्यामागे हट्ट नाही. कार्बनच्या तीन-चार प्रती एका ठोक्यात निघतात आणि चारही प्रती अक्षरशः सारख्या असतात. मागाहून कोणी एकीतलं वजन बदललं तर लगेच उघडं पडतं. रिबन स्वस्त असते. आणि कळमन्यात मिरचीच्या हंगामात हवेत जी धूळ असते, किंवा डाळ मिलमध्ये टरफलाचा जो भुसा उडतो, त्यात लेझर प्रिंटर टिकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. डॉट मॅट्रिक्स तिथे वर्षानुवर्षं चालतो.

इथे तुमच्या सोयीतली खरी करामत येते, आणि तीच तुमच्या सूचनेत कुठे दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ पासून ईझी प्रिंट नावाची सोय दिली. तिच्यामुळे सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम) टाकायची कटकट संपली, हे मान्यच करायला हवं. पण ती पानाचं एक्सपीएस, म्हणजे पीडीएफसारखी फाइल, करून पाठवते. ऑफिसातल्या लेझरवर ते सुंदर निघतं. डॉट मॅट्रिक्सवर मात्र तेच पान चित्र म्हणून उमटतं. प्रिंटरची मुंडी एकेका ओळीवरून रांगत जाते, अक्षरं पुसट येतात आणि छापील बिल्टीच्या चौकटींत आकडे बसत नाहीत. तुमच्या सॉफ्टवेअरने दुसरा रस्ता ठेवला होता. प्रोग्रामने प्रिंटरला पाठवलेला मजकूर जसाच्या तसा, त्यातल्या नियंत्रण-चिन्हांसकट (प्रिंटरला दिलेल्या सूचनांसकट), शाखेच्या प्रिंटरपर्यंत पोचवायचा. प्रिंटर स्वतःच्या अक्षरांत भराभर छापतो. ज्या कोणी इंजिनिअरने हा विचार केला, त्याला बाजार कळत होता. त्याचं काम तुम्ही मोडीत काढताय म्हणूनही मला वाईट वाटतं.

काढण्याची तुमची कारणं तीन आहेत : सुरक्षितता, कमी वापर, आणि पर्याय उपलब्ध असणं.

सुरक्षिततेचं कारण मी हलकं मानत नाही. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागातली) प्रिंटनाइटमेअर नावाची पोकळी उघड झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला नेहमीचं वेळापत्रक सोडून तातडीने दुरुस्ती द्यावी लागली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने थांबवणार. प्रिंटर ड्रायव्हर ही धोक्याची जागा आहे, यात वाद नाही. पण जसाच्या तसा मजकूर पाठवायला सर्व्हरवर कोणत्याही बाहेरच्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. विंडोजसोबत येणारा जेनेरिक टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हर पुरतो. धोका चित्राच्या रस्त्यात असेल तर तो रस्ता बंद करा. मजकुराचा रस्ता त्याच्याबरोबर का बुजवता? दोन्ही एकाच चौकटीत असल्यामुळे वेगळं करणं तुम्हाला अवघड जात असेल, तर तसं सांगा. सुरक्षितता हा एकच शब्द लिहून विषय संपवू नका. २०२० च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने रिमोटएफएक्सचं व्हीजीपीयू (एकच ग्राफिक्स कार्ड अनेक आभासी संगणकांत वाटून देणारी सोय) बंद केलं, तेव्हा त्यांनी कारण उघड सांगितलं : दोष रचनेतच आहे, दुरुस्त करण्यासारखा नाही. पर्याय कोणता ते सांगितलं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ते कायमचं काढलं, आणि मधल्या काळात ज्याला स्वतःच्या जबाबदारीवर ते पुन्हा चालू करायचं होतं त्याला तशी वाट ठेवली होती. लोक चिडले होतेच, पण काय चाललं आहे हे प्रत्येकाला कळत होतं.

दुसरीकडे, तुमच्या निर्णयाने सुरक्षितता वाढेल की कमी होईल, हे नागपुरात उभं राहून बघा. सोय बंद झाली की पहिल्या दिवशी शाखेतून फोन येईल, "भाऊ, बिल्टी काहून नाही निघून राहिली?" गाडी भरून उभी असेल, हमालांची मजुरी द्यायची असेल, ड्रायव्हर खोळंबलेला असेल. अशा वेळी माणूस जे हाताला लागेल ते करतो. कोणी तुमची जुनी आवृत्ती कुठून तरी उतरवून बसवेल आणि तिचं अपडेट कायमचं बंद करून टाकेल. कोणी सर्व्हरचा ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेचं दार, थेट इंटरनेटवर उघडेल. मे २०१९ मध्ये उघड झालेला ब्लूकीप नावाचा दोष आठवतो का? पासवर्डही न विचारता त्याच सेवेतून आत शिरता येत होतं. आणि कोणी गुगलवर मदतीचा नंबर शोधून भलत्यालाच संगणकाचा ताबा देईल. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका रिमोट अ‍ॅपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं ते अशाच फसवणुकीमुळे. नवं अ‍ॅप टाकायची पाळी आलेला घाईतला माणूस हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक. तुम्ही एक दार बंद करताना माझ्या ग्राहकांना दुसऱ्या तीन उघड्या दारांकडे ढकलताय, आणि त्या दारांवर तुमचा पहारा नाही.

कमी वापराबद्दल थोडक्यात विचारतो. हे मोजलंत कसं? सॉफ्टवेअर आपणहून कंपनीला जी माहिती कळवतं, ती मी माझ्या बहुतेक ग्राहकांकडे बसवतानाच बंद करतो. सिमचा मोजका डेटा आणि धंद्याची गुप्तता, दोन्हीसाठी ते योग्य आहे, आणि तसं करायची मुभा तुम्हीच दिली आहे. शिवाय एका सर्व्हरच्या एका परवान्यामागे किती शाखा आणि दिवसाला किती बिल्ट्या असतात, हे तुमच्या आकड्यात कुठे उमटतं? जो माणूस माहिती कळवत नाही, तक्रार करत नाही आणि पैसे वेळेवर भरतो, तो तुमच्या मोजणीत नसतोच. नागपूरचा व्यापारी नेमका तोच.

पर्यायांचं मात्र नीट बघायला हवं. पहिला पर्याय तुम्ही सुचवला आहे तो पीडीएफचा. सर्व्हरवर पीडीएफ करा, फाइल शाखेच्या संगणकावर आणा, उघडा, छापा. दिवसातून एखादं पान छापणाऱ्याला हे चालेल. संध्याकाळी गाड्या लागल्यावर एकामागून एक बिल्ट्या काढणाऱ्या मुलाला हे सांगून बघा. त्यातून पीडीएफ म्हणजे पुन्हा चित्रच, म्हणजे तीच रांगणारी मुंडी आणि तेच चौकटीबाहेर गेलेले आकडे. यात अजून एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. थेट प्रिंटमध्ये शाखेच्या संगणकावर उघडता येईल अशी फाइल राहत नव्हती. आता प्रत्येक बिल्टीची फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहील : कोणाचा माल, कोणाला, कुठल्या भावाने, फोन नंबर आणि जीएसटी क्रमांकासकट. त्या संगणकावर दिवसभरात पाच जण बसतात. व्यापाऱ्याचे भाव आणि त्याची गिऱ्हाइकं म्हणजे त्याचा सगळा धंदा.

दुसरा पर्याय व्हीपीएन (दोन ऑफिसांना इंटरनेटवरून जोडणारं खाजगी नेटवर्क) टाकून नेटवर्क प्रिंटर घेण्याचा. शाखेतल्या सिमच्या राऊटरला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नसतो. मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवते. बाहेरून त्या प्रिंटरपर्यंत सरळ पोचताच येत नाही. मग त्याला लागणारं राऊटर आणा, ते बसवणारा माणूस पाठवा, ते बिघडलं की पुन्हा पाठवा. तुमची सोय आधीच जोडलेल्या सत्रातूनच मजकूर पाठवायची, तिला वेगळा पोर्ट नको, वेगळा पत्ता नको. म्हणूनच ती गोंदियाच्या गोडाऊनपर्यंत पोचली. असे पर्याय सुचवणाऱ्याने एकदा ते स्वतः बसवून बघितले असते तर बरं झालं असतं.

आता मूळ मुद्दा. सॉफ्टवेअर तुमचं आहे आणि त्यात काय ठेवायचं हे तुम्ही ठरवणार, असं तुमच्या करारात लिहिलं आहे. कायद्याने ते बरोबर असेल. पण ही सोय तुम्ही स्वतःहून सोबत दिली होती. त्याआधी दूरच्या प्रिंटिंगसाठी वेगळी सॉफ्टवेअरं मिळायची, वेगळे पैसे पडायचे, पण ती बनवणाऱ्याला छपाईशिवाय दुसरं काम नव्हतं. तुम्ही ती सोय सोबत देऊ लागलात, तेव्हा आमच्यासारख्यांनी ती वेगळी सॉफ्टवेअरं घेणं सोडलं. जाहिरातीतही तुम्ही हेच सांगत होतात, की आता वेगळं काही घ्यायला नको. दुसऱ्याकडे जायची गरज तुम्ही संपवलीत. मग सोय काढून घेताना लोकांना नवी जागा शोधायला वेळ देणं आणि वाट दाखवणं, हेही तुमच्याच अंगावर येतं. सोबत दिलेली वस्तू फुकटची नसते. आम्ही तिची किंमत दुसरे रस्ते सोडून चुकवलेली असते.

प्रत्येक जुनी सोय जन्मभर ठेवा, असं मी म्हणत नाही. व्हीएनसी या जुन्या रिमोट सॉफ्टवेअरसोबत पूर्वी ब्राउझरमध्ये चालणारा जावा व्ह्यूअर यायचा. मलाही तो आवडायचा, कुठूनही जोडता यायचं. पण क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तसल्या प्लगइनचा (ब्राउझरला जोडायच्या प्रोग्रामचा) आधार काढला, आणि ते योग्यच झालं. जुन्या जावाने फार नुकसान केलं होतं. त्याची जागा एचटीएमएल ५ वर चालणाऱ्या व्ह्यूअरनी घेतली, ते जास्त चांगले आहेत. जाणाऱ्या गोष्टीच्या जागी दुसरी उभी होती, म्हणून कोणाचं काम अडलं नाही. उलट जानेवारी २०१४ मध्ये लॉगमीइन या कंपनीने आपली फुकट रिमोट सेवा बंद केली, तेव्हा लोकांना हातात सात दिवस मिळाले. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या मनातून ती गोष्ट अजून गेलेली नाही.

प्रिंटिंगच्याच बाबतीत चांगलं उदाहरण तुमच्यासमोर आहे. व्हीएमवेअरच्या होरायझन या रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये थिनप्रिंट या दुसऱ्या कंपनीच्या तंत्रावर आधारलेलं व्हर्च्युअल प्रिंटिंग सोबत यायचं. २०१८ च्या अखेरीस ७.७ या आवृत्तीत त्यांनी स्वतःचं इंटिग्रेटेड प्रिंटिंग आणलं आणि जुनं काढलं ते २०२० मधल्या होरायझन ८ मध्ये. मधला दीड वर्षाहून अधिक काळ दोन्ही शेजारी-शेजारी होती. ज्याला जमेल तसं त्याने एकावरून दुसऱ्यावर जावं. मोठमोठ्या बँका आणि रुग्णालयं चालवणाऱ्यांना जर एवढा वेळ लागतो, तर एकट्याने सगळ्या शाखा फिरणाऱ्या माणसाला काही आठवडे कसे पुरतील?

म्हणून माझी मागणी अशी. बंद करण्याची तारीख किमान एक वर्ष पुढे न्या, आणि ती ठरवताना इथलं कॅलेंडर समोर ठेवा. मार्च महिन्यात हिशोब बंद होतात आणि त्याच सुमारास कळमन्यात नव्या तुरीची आवक असते. त्या दिवसांत कोणाच्याही मशीनला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. महिन्याच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास जीएसटीचे विवरण भरायचे असतात, तेही दिवस टाळा. सूचना खात्यात टाकून थांबू नका. जो माणूस प्रिंटचं बटण दाबतो त्याच्या स्क्रीनवर ती दिसली पाहिजे, मराठीत आणि हिंदीत, तारखेसकट, आणि काय करायचं त्याच्यासकट. चित्राचा रस्ता बंद करा, मजकुराचा ठेवा. मूळ सॉफ्टवेअरमध्ये नको असेल तर वेगळी जोडणी म्हणून द्या, वाजवी पैसे आम्ही भरू. तेही जमत नसेल, तर शाखेच्या बाजूला मजकूर कसा पोचतो त्याची तांत्रिक रचना जाहीर करा. आमच्याकडे, याच शहरात, ते लिहून काढणारे तरुण आहेत. सध्याच्या आवृत्तीला, सोय असेपर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहाव्यात. नाहीतर लोक जुन्यावर अडकून बसतील आणि त्याचा ठपका पुन्हा त्यांच्यावरच येईल. आणि ज्यांनी या वर्षाचे पूर्ण पैसे आधीच भरले आहेत, त्यांना उरलेल्या महिन्यांचे पैसे न मागता परत मिळावेत. ते परत मागायला गोंदियाचा माणूस इंग्रजीत अर्ज लिहीत बसणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तुमच्या तांत्रिक विभागातल्या कोणी इथे यायचं म्हटलं तर वाडीतलं एखादं ट्रान्सपोर्ट ऑफिस दाखवायला मी तयार आहे. संध्याकाळी सहानंतर या, गाड्या भरताना. प्रिंटर, राऊटर, सर्व्हर, सगळं चालतं तसं दाखवीन, नोंदी काढू देईन. काय काढायचं आणि काय ठेवायचं हे ठरवायला तेवढी माहिती पुरेल.

या पत्राचं उत्तर मला एकट्याला नको. सगळ्या ग्राहकांना दिसेल असं द्या, आणि त्यात बंद होण्याची नवी तारीख आणि मजकुराच्या रस्त्याचं काय करणार, या दोन गोष्टी स्पष्ट लिहा. तोपर्यंत माझ्या ग्राहकांकडचं पुढच्या आवृत्तीचं अपडेट मी थांबवून ठेवतो आहे, आणि का थांबवलं ते त्या प्रत्येकाला मराठीत लिहून देतो आहे.

आपला,
हार्डवेअर आणि नेटवर्किंग व्यावसायिक, नागपूर